बस्ता कुठं बांधता?

लग्नसराईत सोलापूरच्या एसटी स्टँडवर जरा वेळ थांबा, इंडीहून, अक्कलकोटहून, तुळजापूरकडनं माणसं उतरतात, निम्मी कानडीत बोलत असतात आणि बरीचशी निघालेली असतात बस्ता बांधायला. मीठमिरची गावातच मिळते, पण बस्त्याला मोठं गाव लागतं. वाल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये नेमकं हेच मांडलं. साड्यांचं मोठं दुकान चालायला गिऱ्हाईक भरपूर लागतं, म्हणून ते थोड्याच शहरांत असतं आणि तेवढ्यासाठी माणूस लांबचा प्रवास करतो. साबणाच्या वडीसाठी कोण करेल?

मग दोन शहरांच्या मधल्यांनी जायचं कुठं? अमेरिकेतल्या विल्यम रायलीनं १९३१ मध्ये सांगितलं की शहराची ओढ लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गानं घटते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ओढ पाव. मी कागदावर करून बघितलं. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाख, पुणे महापालिका ३१ लाख, मधलं अंतर धरा २५० किमी. दोन्हींची ओढ सारखी होते ती जागा आली सोलापूरपासून ८९ किमी, म्हणजे टेंभुर्णीच्या आसपास! इंदापूर पुण्याच्या बाजूला गेलं, आणि जिल्हाही त्यांचा पुणेच आहे. मला तर जाम मजा वाटली.

पण या गणिताला रेल्वेचा रूळ कळत नाही की राज्याची सीमा. बार्शी लाइट रेल्वे घ्या, १८९७ मध्ये सुरू झाली, रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, १९११ ला लातूरला पोचली. त्यामुळं लातूरकडचा माल बार्शीवरनं कुर्डुवाडीला यायचा, तिथं उतरवून मोठ्या लाइनच्या डब्यात भरायचा, म्हणजे हमालांना काम आणि व्यापाऱ्यांना थांबायला कारण. पुढं ब्रॉडगेज झालं, आता लातूरची गाडी कुर्डुवाडीवरनं सरळ मुंबईला जाते, सोलापूर शहर तिच्या वाटेतच येत नाही.

विजापूरचं वेगळंच. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच मुंबई राज्यात होतो, मग ते म्हैसूर राज्यात गेलं. सरकारी कामं तिकडं वळली, पुढं मेडिकल कॉलेजंही तिथं झाली, पण तिकडचा पेशंट आणि तिकडचा कांदा अजून सोलापुरात येतोच. कागदपत्रांचं नातं सुटलं, बाजाराचं राहिलं. तेलंगणातनं आलेल्या पद्मशाली विणकरांचंही तसंच, मोठ्या मिल बंद पडल्या तरी तिकडच्या सोयरिकी काही थांबल्या नाहीत.

आता गंमत बघा, रस्ता चांगला झाला की खालच्या गावांतलं गिऱ्हाईक आपल्याकडं लवकर येतं आणि आपलं गिऱ्हाईक तेवढ्याच लवकर वरच्या शहरात जातं. २०२३ पासून वंदे भारत आहे, हायवे चौपदरी आहे, पुणं दिवसात जाऊन येण्यासारखं झालंय. शहरांचा अभ्यास करणारे याला मोठ्या शहराची सावली म्हणतात, शेजारचं मध्यम शहर तिच्यात सापडतं आणि त्याची महागडी दुकानं, चांगल्या नोकऱ्या आधी जातात. किराणा, दवाखाना, मार्केट यार्ड मात्र टिकतं, कारण कांद्याचा ट्रक भाव बघून वळतो, मॉल बघून नाही.

आमच्या मावसबहिणीचा बस्ता यंदा पुण्यात बांधला. आहेराचे टॉवेल तेवढे इथनं पाठवा म्हणाली, चाटी गल्लीतनं डझनावर घेऊन दिले.