उभी गाडी : घरच्या घरी पुनरुज्जीवन (खानदेश)

घरची जुनी मोटार वर्षानुवर्षे न हलता अंगणात, खळ्यात किंवा गोठ्याशेजारी पडून राहिली की बोलण्यात ती 'उभी गाडी' होते. अहिराणीत 'गाडी उभी शे'. अशी गाडी गॅरेजच्या दारात न नेता घरातल्या माणसांनीच साफ करणे, तिच्या रंगाला पुन्हा तेज आणणे आणि तिला चालती करणे, हा या नोंदीचा विषय आहे. 'डिटेलिंग' हा शब्द आता शहरांतल्या दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसतो. त्यात रंग, काचा, सीट आणि आतल्या भागाची बारकाईने सफाई येते, इंजिनाचे काम येत नाही. घरी मात्र दोन्ही कामे जोडीनेच होतात, कारण चकचकीत गाडी ढकलत नेण्याची हौस कोणालाच नसते.

या गाड्यांत सर्वांत जास्त सापडते ती मारुती ८००. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. शिवाय ऑम्नी, टाटा सुमो, इंडिका, महिंद्राची जीप. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीआड अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी. नंबरप्लेटवरूनही थोडा इतिहास कळतो. धुळ्याचा एमएच १८, जळगावचा एमएच १९ आणि नंदुरबारचा एमएच ३९. पण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे शहादा-तळोद्याकडे उभ्या असलेल्या त्याआधीच्या गाडीवर १८ दिसला तर ती बाहेरून आणलेली समजू नये.

झिजेचे स्वरूप

कोकणातली गाडी खालून सडते, खानदेशातली वरून भाजते. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारी हवा. जळगाव-धुळ्याच्या मैदानात पाऊस साधारण ६०० ते ७५० मिलिमीटर. त्यामुळे इथे पत्रा बऱ्याचदा शाबूत असतो. उलट मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांपुढे तापतो. टप, बॉनेट आणि डिक्कीचे झाकण हे आकाशाकडे तोंड करून असलेले तीन भाग आधी जातात. सूर्याच्या अतिनील किरणांनी रंगातली राळ मोडते, रंगद्रव्याची भुकटी मोकळी होते आणि बोट फिरवले की खडूसारखी पांढरी पूड लागते. दरवाजांचा रंग त्या मानाने बरा असतो. रबराच्या पट्ट्या कडक होऊन तडकतात. टपाच्या अस्तरामागचा फोम भुगा होतो आणि कापड डोक्यावर लोंबू लागते.

गंज अगदीच नसतो असे नाही, पण तो ठरावीक जागी सापडतो. काळी माती ओली झाली की चिकटते, वाळली की दगड होते, आणि मडगार्डच्या आत बसलेला तिचा थर पावसाळा संपल्यावरही बराच काळ ओल धरून ठेवतो. दुसरी जागा डिक्कीत, स्टेपनीच्या खड्ड्यात. ज्या गाडीतून युरियाची पोती वाहिली गेली तिथे सांडलेला दाणा हवेतली ओल ओढत राहतो आणि पत्रा खातो. तिसरी जागा बॅटरीखालची तबकडी.

सावलीचेही तोटे आहेत. गाडी निंबाखाली उभी केली की ऊन चुकते, पण निंबोळ्यांचा चिकट गर आणि साळुंक्या-कावळ्यांची विष्ठा रंगावर पडते. विष्ठेतले आम्ल तापलेल्या रंगात खोल उतरते. चिंचेची बारीक पाने वायपरखालच्या जाळीतून आत जाऊन पाणी वाहून नेणाऱ्या वाटा बुजवतात आणि मग पावसाचे पाणी थेट पायाखालच्या मॅटमध्ये मुरते. ताडपत्री सर्वांत वाईट. आत दमटपणा कोंडतो, आणि वाऱ्याने ती फडफडली की अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

पाणी मारण्याआधी

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे नळी. ती हातात घेण्याआधी गाडीची झडती घ्यावी. दारे-बॉनेट उघडून, काठीने ठोकून थोडा वेळ दूर थांबावे. बॉनेटखाली साप, मॅटखाली विंचू आणि आरशामागे गांधीलमाश्यांचे पोळे मिळणे शेतावरच्या गाडीत नवलाचे नाही. उंदीर तर असतातच. कापसाच्या गोदामाजवळ गाडी असेल तर एअर फिल्टरच्या डब्यात आणि हीटरच्या पंख्यात सरकीसकट कापसाचे घरटे मिळते. ते कोरडे झाडू नये. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो आणि कोरडी घाण धुळीसह नाकात जाते. म्हणून हातमोजे आणि मास्क घालून, ब्लीचिंगचे पाणी शिंपडून, ओली झाल्यावरच ती उचलावी. मग वायरी तपासाव्यात. कुरतडलेली वायर तशीच ठेवून बॅटरी जोडली तर आग लागायला वेळ लागत नाही.

इंजिन सेल्फ मारून बघण्याचा मोह आवरणे हे या कामातले सर्वांत अवघड काम. अनेक वर्षे थांबलेल्या इंजिनाच्या सिलिंडरवर तेलाचा थर उरलेला नसतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, सकाळी पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. अडकले तर जोर करू नये. ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलल्यानंतर, प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझतो का पाहावे. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, रबराचा असतो आणि गाडी न चालताही वयाने म्हातारा होतो. मारुती ८०० मध्येही बेल्टच आहे. तो न बदलता इंजिन सुरू करणे हा जुगार आहे.

जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. ते टाकीतून काढून टाकावे, उघड्यावर, आणि जवळ विडी ओढणारा काका नसताना. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी शोषते. म्हणून पुन्हा गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीतले इंधन महिनोन्महिने साठवू नये. कार्बोरेटरच्या गाडीत जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, चिकटतात, पण ते खोलून साफ करता येतात. डिझेल गाडीत टाकीतला गाळ, फिल्टरमधले पाणी आणि लाइनमध्ये धरलेली एअर या तीन कटकटी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते बदलणे भागच आहे. त्याचा थेंब रंगावर सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा, कारण ते रंग सोलते. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. वर्षभर रिकामी पडलेली बॅटरी बहुधा चार्ज धरतच नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१६ म्हणजे २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर चालवणारा माणूस सुरत-नागपूर महामार्गावर स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो.

धुणे

कोरडे फडके हा रंगाचा शत्रू. उभ्या गाडीवरची धूळ आधी नुसत्या पाण्याच्या धारेने सैल करावी, मडगार्डमधला मातीचा गोळा भिजवून मग लाकडी काडीने उकरावा. दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक फडके खळबळून काढायची. कपड्यांची पावडर किंवा धुण्याचा सोडा वापरू नये. खरखरीत कण आणि क्षार दोन्ही रंगाला नको असतात.

खानदेशात खरी अडचण पाण्याची. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि तापलेल्या पत्र्यावर ते क्षणात वाळून पांढरी कडी सोडते. सकाळी ऊन चढण्याआधी, सावलीत, एकेक भाग धुऊन लगेच टिपणे हाच उपाय. बसलेल्या कड्यांवर पाणी घातलेले व्हिनेगर थोडा वेळ लावून धुऊन टाकता येते. शेवटच्या खळबळीसाठी एसीतून ठिबकणारे पाणी साठवले तर उत्तम. त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र घेऊ नये, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. काटकसर म्हणून ते बादलीत भरणारे घरोघरी आहेत.

डांबराचे ठिपके रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या बोळ्याने सुटतात. त्यानंतर हातावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून हात फिरवावा. खरखर लागली तर रंगात रुतलेले कण बाकी आहेत. ते डिटेलिंगच्या चिकणमातीच्या वडीने, शाम्पूच्या पाण्याचे भरपूर वंगण देत, काढतात. वडी जमिनीवर पडली तर फेकून द्यावी.

रंग

कारखान्यातून येणाऱ्या रंगाची सगळी जाडी १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून काढणारी पेस्ट, घेऊन बसणारा माणूस केसाहून पातळ वस्तू तासत असतो. हे ध्यानात राहिले तर हात आपोआप हलका पडतो.

जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. फडक्यावर गाडीचा रंग उतरला की रंग एकेरी समजावा, आणि असा रंग खडूसारखा दिसत असला तरी आशा सोडू नये. मेलेला वरचा थर निघाला की खालून मूळ पांढरा किंवा लाल पुन्हा उजळतो. घरगुती कामातला सर्वांत सुखाचा क्षण हाच. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पापुद्रे सुटले असतील तर मात्र कुठलीही पॉलिश उपयोगाची नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. दुकानदार काहीही सांगो.

काम वीतभर जागेवर करून पाहावे आणि मगच पुढे सरकावे. सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात, भागले नाही तरच कंपाउंड. दारांच्या व बॉनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावून ठेवावी. घरातल्या जुन्या बनियनचा मोह होतो, पण त्याच्या शिवणीचा दोरा रेघा मारतो. मायक्रोफायबरचे फडके महाग नसते. वेळ दिवाळीनंतरची, होळीपर्यंतची. चैत्र-वैशाखात कंपाउंड पत्र्यावर पसरण्याआधीच वाळते. शेवटी मेण. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते आणि गडद रंगाचे बॉनेट मे महिन्यात त्याच्या फार खाली राहत नाही, म्हणून इथे कृत्रिम पॉलिमरचे सीलंट जास्त टिकते.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट घासण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. चमक येते आणि काही आठवड्यांत जाते. कारण पॉलिकार्बोनेटवरचे अतिनील-रोधक आवरण गेलेले असते. १००० पासून ३००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने ओले घासून, पॉलिश करून, वर पुन्हा तसे आवरण दिले तरच काम टिकते. काचेच्या जुन्या दिव्यांना ही कटकट नाही.

आतला भाग

रावेर-यावलकडच्या गाड्यांची खूण म्हणजे सीटवरचे तपकिरी डाग. केळीचा चीक कापडावर लागताना पाण्यासारखा दिसतो आणि हवेने काळपट पडून पक्का होतो. ताजा असताना धुतला तर ठीक, पाच वर्षांनंतर कव्हर बदलणे स्वस्त पडते. डॅशबोर्डवर चकचकीत सिलिकॉनचा द्रव मारू नये. त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटून लगदा होतो आणि समोरच्या काचेत उन्हाची तिरीप उठते. लोंबणाऱ्या अस्तराला टाचण्या टोचणे हे तात्पुरते सोंग. पुठ्ठा खाली काढून, जुना फोम खरवडून, उष्णता सोसणाऱ्या गोंदाने नवे कापड लावणे एका दुपारचे काम आहे.

कागदपत्रे

पुष्कळ उभ्या गाड्या दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१, म्हणजे मालकी हस्तांतरणाचा अर्ज, भरायचा असतो. उशीर झाला तरी हस्तांतरण टळत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्याबरोबर महाराष्ट्रात पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते. रंग वेगळा दिला तर नोंदणी पुस्तकात बदल करून घ्यावा लागतो, म्हणूनही मूळ रंगावर भागवणे शहाणपणाचे. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांखाली 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते.

गाडी तयार झाल्यावर तिची पूजा सहसा खंडेनवमीला किंवा दसऱ्याला होते. हळद-कुंकू बॉनेटवर न लावता काचेवर लावावे. एकेरी पांढऱ्या रंगात हळदीचा पिवळा डाग मुरतो आणि तिथे पुन्हा पॉलिश करावी लागते.