मध्यसत्र अभिप्राय

विद्यापीठात एखादा अभ्यासक्रम चालू असतानाच विद्यार्थ्यांकडून त्याच्या अध्यापनाविषयी घेतलेली मते. सत्राअखेरच्या प्रश्नावलीचा फायदा झालाच तर पुढच्या तुकडीला होतो, ती भरणाऱ्यांना नाही. त्यामुळे १५ आठवड्यांच्या सत्रात चौथा ते सहावा आठवडा सोयीचा. पहिल्या चाचणीचे गुण लागण्याआधीच हे उरकावे, नाहीतर अभिप्रायात गुणांचाच राग उतरतो.

प्रश्न तीन पुरेत : शिकायला कशाची मदत होते, कुठे अडते, काय बदलावे. ‘तास कसे वाटतात?’ असे विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर येते. तासाच्या सुरुवातीला १० मिनिटे द्यावीत. शेवटी दिली तर मुले बॅग आवरता आवरता लिहितात. नावे नकोत. दहा-बारा जणांच्या वर्गात हस्ताक्षरही ओळखू येते, तेथे सहकाऱ्याने मते गोळा करून गोषवारा द्यावा. वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झालेल्या लघुगट पद्धतीत त्रयस्थ व्यक्ती शिक्षकाच्या अनुपस्थितीत वर्गाशी बोलते.

सर्वांत जास्त चूक होते ती सुगम्यतेत, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांनाही साहित्य वापरता येण्यात. ज्याला स्लाइड वाचता येत नाही, त्याला बहुधा अभिप्रायाचा अर्जही वाचता येत नाही. म्हणजे ज्याचे म्हणणे सर्वांत मोलाचे, नेमका तोच गळतो. अर्ज कळफलकाने भरता यावा, प्रत्येक रकान्याला स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळेल असे नाव असावे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीनुसार किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र. ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून मजकुरात बदलणे) केल्याशिवाय स्क्रीन रीडरला त्यात एक शब्दही सापडत नाही. व्हिडिओचे आपोआप तयार झालेले मथळे (कॅप्शन) पारिभाषिक शब्दांवर हमखास घसरतात, ते हाताने तपासावेत.

उत्तरे वाचताना एका बोचऱ्या शेऱ्यातच मन अडकते. म्हणून आधी विषयवार गठ्ठे करून मोजावे. ‘वेग फार’ आणि ‘वेग कमी’ दोन्ही आले तर सरासरी काढून उपयोग नाही. बहुधा वर्गाची पूर्वतयारीच असमान असते. सुगम्यतेला मात्र बहुमत लावू नये : ६० जणांत एकालाच फलक दिसत नसला, तरी तक्रार पूर्ण खरी असते.

व्यावसायिकांच्या चिंतनाचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती चालू असतानाचे आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद मांडला. मध्यसत्र अभिप्राय या दोहोंच्या मधोमध येतो, कारण तास झालेले असतात पण सत्र उरलेले असते. पुढच्याच तासाला ५ मिनिटे काढून काय बदलणार, काय बदलणार नाही आणि का, हे वर्गाला सांगावे. ते टाळले तर पुढच्या वेळी अर्ज कोरे येतात.