राजदूत ३५०: आधी सिंक, मग ट्युनिंग

राजदूत ३५० सिग्नलला अडखळू लागली, एका सायलेन्सरमधून जास्त आणि दुसऱ्यातून कमी धूर येऊ लागला, की गॅरेजमध्ये पहिला हात जातो कार्ब्युरेटरच्या एअर स्क्रूवर, म्हणजे हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूवर. पाव फेरा आत, अर्धा बाहेर, आवाज जरा सुधारला की गाडी ताब्यात. थोड्याच दिवसांत सायनच्या सिग्नलला गाडी पुन्हा मिसिंग मारते. अशा वेळी बहुतेकदा बिघाड सिंकमध्ये असतो आणि दुरुस्ती ट्युनिंगची झालेली असते.

ट्युनिंग म्हणजे एका कार्ब्युरेटरने आपल्या सिलिंडरला हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात द्यायचं ते ठरवणं. सिंक म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटरचे स्लाइड (हवेची वाट उघडणारे सरकते दट्टे) एकाच क्षणी आणि सारखेच उचलले जाणं. बैलजोडीत प्रत्येक बैलाची वैरण वेगळी बघावी लागते आणि दोघं जू बरोबरीनं ओढतात का हे वेगळं बघावं लागतं, तसंच हे.

जुन्या बुलेटला एकच कार्ब्युरेटर, त्यामुळे तिथे सिंकचा प्रश्नच नाही. येझदी २५०ला दोन सायलेन्सर दिसतात म्हणून लोक फसतात. पण तिचा सिलिंडर एकच, कार्ब्युरेटरही एकच. राजदूत ३५० मात्र खरी दोन सिलिंडरची. यामाहाच्या आरडी३५०वरून एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये ही ३४७ सीसीची टू-स्ट्रोक गाडी भारतात आणली. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा मिकुनी कार्ब्युरेटर आहे. हँडलपासून निघालेली थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) केबल पुढे तीन फाट्यांत विभागते: दोन फाटे दोन स्लाइडना आणि तिसरा ऑइल पंपाला. केबल ताणली गेली, तारेच्या टोकाचं निपल झिजलं किंवा समुद्राच्या खाऱ्या हवेनं आतली तार गंजून अडकू लागली, की एक फाटा दुसऱ्याच्या मागे पडतो. सिंक जातं ते असं.

ट्युनिंग बिघडण्याची कारणं वेगळी, आणि त्यातली बरीचशी दोन्ही सिलिंडरना सारखीच लागू होतात. मुंबईत समुद्रसपाटीला सेट केलेली गाडी महाबळेश्वरला नेली, की १,३०० मीटरहून जास्त उंचीवरच्या विरळ हवेत मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि दोन्ही सिलिंडर जड चालतात. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन सोबत आणतं. म्हणून जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) तेच मिश्रण लीन (पेट्रोल कमी) पडतं, तेही दोन्हीकडे. दोन्ही स्पार्क प्लग काळे किंवा दोन्ही पांढरट निघाले, तर संशय ट्युनिंगवर घ्यावा. एक काळा आणि एक चॉकलेटी निघाला तर आधी सिंक तपासावं. एका बाजूचा पायलट जेट (थ्रॉटल जवळपास बंद असताना पेट्रोल देणारा) चोंदला तरीही प्लगांत असा फरक पडतो, म्हणून केवळ प्लग बघून निकाल देऊ नये.

गोंधळ होतो कारण दोन्ही दोष एकाच जागी दिसतात: आयडलिंगला (थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना) आणि हळू ट्रॅफिकमध्ये. स्लाइड जेमतेम दोन मिलिमीटर उचललेला असताना दुसरा एक मिलिमीटर मागे असेल, तर त्याची वाट निम्मीच उघडी असते. वीस मिलिमीटरला तोच एक मिलिमीटर जाणवतही नाही. दुसरीकडे एअर स्क्रूचा अंमलही थ्रॉटलच्या पहिल्या आठव्या भागापुरताच चालतो. त्यापुढे स्लाइडचा कटअवे (खालच्या कडेचा काप), मग नीडल (स्लाइडला लागलेली सुई) आणि शेवटी मेन जेट. म्हणजे कानाला दोन्ही बिघाड जवळपास सारखेच ऐकू येतात. हा फरक इंजिन बंद ठेवून डोळ्यांनी आणि बोटांनीच कळतो.

एअर फिल्टरचे रबरी बूट काढा. दोन्ही आयडल स्क्रू इतके सैल करा की स्लाइड पूर्ण खाली बसतील. मग स्क्रू स्लाइडला नुकते टेकतील इथवर आणून दोन्हीकडे सारखे फेरे द्या. आता दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा ठेवा आणि थ्रॉटल अगदी हळू फिरवा. दोन्ही दांडे एकाच क्षणी सुटायला हवेत. एक आधी सुटला, तर कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या केबल अॅडजस्टरने फरक काढा. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही स्लाइड तोंडातून पूर्ण वर गेलेले दिसले पाहिजेत. शेवटी इंजिन सुरू करून हँडल डावीकडे-उजवीकडे टोकापर्यंत वळवा. आयडलिंग चढलं तर केबल कुठेतरी ताणली जातेय. होंडा सीबी७५०सारख्या चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीला हेच काम व्हॅक्यूम गेज लावून करतात. राजदूतला ड्रिल बिट पुरतो.

यानंतरच एअर स्क्रू. इंजिन चांगलं तापू द्यावं, साधारण दीड फेऱ्यापासून सुरुवात करावी आणि आयडलिंग सर्वात स्थिर लागेल तिथे थांबावं. या कार्ब्युरेटरवर एअर स्क्रू बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनकडच्या अंगाला फ्युएल स्क्रू (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) असलेल्या गाडीवर नेमकं उलट. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्या प्रकारच्या गाड्या हाताळल्या त्यांच्याकडूनही इथे चूक होते.

क्रम उलटला तर नुकसान मोठं होतं. सिंकमधला फरक झाकायला एका बाजूचा एअर स्क्रू बाहेर काढला, की आयडलिंग छान वाटतं. पण बोरघाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, आरपीएम चढलेले असतात आणि सिलिंडरला मुख्यतः पायलट सर्किटमधूनच पेट्रोल मिळतं. ते लीन असेल, तर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलाबरोबर मिळणारा थंडावाही घटतो. पिस्टन जाम होण्याचा धोका अशाच वेळी वाढतो.

ऑइल पंपाची केबल मात्र अनेक मेकॅनिक विसरतात. सिंकसाठी स्लाइडचे अॅडजस्टर हलवले की पंपाचं त्यांच्याशी जुळलेलं नातंही बदलतं. म्हणून दोन्ही स्लाइड जुळल्यावर पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलप्रमाणे पुन्हा पिनसमोर आणून घ्यावी. ती मागे राहिली तर स्लाइड उघडलेले असतानाही दोन्ही सिलिंडरना तेल कमीच पोहोचतं.