बदलापेक्षा टांगणी महाग

देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. घोषणा मात्र सप्टेंबर २०१८मधली, आणि सगळ्या ३,८९८ शाखा बडोदाच्या संगणक प्रणालीवर यायला डिसेंबर २०२० उजाडला. मध्ये कोविड होताच. एवढ्या काळात काउंटरमागच्या माणसाला पडणारे प्रश्न साधे असतात: आपली शाखा राहणार की शेजारच्या शाखेत जाणार? बदली कुठे? सीनियॉरिटी कशी धरणार? त्यात बोटं सवयीने जुन्याच की दाबतात आणि समोर रांग वाढत जाते.

अशा वेळी ‘लोकांना बदल नकोच असतो’ म्हणून वरिष्ठ मोकळे होतात. मला हे अर्धसत्य वाटतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये एक जरा दुष्टच प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना पडद्यावर दगड दाखवायचे. खाली साप आहे का, ते त्यांनी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, आणि तो चांगलाच दुखणारा. साप निघण्याची शक्यता मधूनमधून बदलत ठेवलेली. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका बसणार हे नक्की ठाऊक असताना ताण कमी निघाला. सगळ्यात जास्त होता तो शक्यता निम्मी-निम्मी असताना.

काय होणार ते कळत नाही, तोवर मेंदू अंदाज बांधत राहतो आणि शरीराला सज्ज ठेवतो. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही रसायनं थोडा वेळ कामाचीच. महिनोन्‌महिने चढी राहिली तर झोप आणि रक्तदाब बिघडतो. या साचत जाणाऱ्या झिजेला ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं.

ही झीज प्रयोगशाळेबाहेरही दिसली आहे. लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५पासून सुरू होता. त्यातलं सरकारी इमारती सांभाळणारं एक खातं खासगी होणार असं मधेच ठरलं. इतर खात्यांशी तुलना केली, तर तिथल्या लोकांच्या तब्येतीच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा खातं विकलंही गेलं नव्हतं, कुणाची नोकरीही गेली नव्हती. आपल्याकडच्या परिपत्रकांतलं ‘यथावकाश कळवण्यात येईल’ हे वाक्य म्हणूनच मला निरुपद्रवी वाटत नाही. त्याजागी नकोशा बदलीची का होईना, पक्की तारीख लिहिलेली बरी.