गोलाचे मोल वेगळे आणि गोलांचा अंदाज वेगळा: ग्रेट्स्की-ओव्हेच्किन वादातला मूळ घोळ

६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या अलेक्झांडर ओव्हेच्किनने आपला ८९५वा गोल केला आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे पडला. तेव्हापासून आइस हॉकीत रस असलेल्या लोकांमध्ये, कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या बैठकींमध्येसुद्धा, एकच वाद पुन्हा पुन्हा घातला जातो आणि तो प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घसरतो. एक बाजू म्हणते की ग्रेट्स्कीच्या काळात गोल स्वस्त होते, त्यामुळे त्याचे १९८१-८२च्या एका हंगामातले ९२ गोल म्हणजे आजचे जेमतेम सत्तर. दुसरी बाजू म्हणते की तोच हिशेब उलटा केला तर ओव्हेच्किन १९८१मध्ये खेळता तर त्याने नव्वदी सहज गाठली असती. दोन्ही बाजूंना वाटते की आपण गणित मांडत आहोत. प्रत्यक्षात दोघेही एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवत आहेत.

विक्रमांची यादी ज्यांना पाठ आहे त्यांनी हा परिच्छेद वरवर वाचला तरी चालेल. ग्रेट्स्कीने एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीग, उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग) नियमित हंगामांत १,४८७ सामन्यांत ८९४ गोल केले, आणि ओव्हेच्किनने विक्रम मोडला तो सामनाही त्याचा १,४८७वाच होता. हा योगायोग फार सोयीचा आहे, कारण सामन्यांच्या संख्येवरून होणारा वाद त्यामुळे आपोआप मिटतो. ग्रेट्स्कीच्या आधी हा विक्रम गॉर्डी हाउच्या नावावर होता. त्याचे ८०१ गोल १,७६७ सामन्यांतले होते आणि ग्रेट्स्कीने ते मार्च १९९४मध्ये ओलांडले. ग्रेट्स्कीचे २,८५७ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) या चर्चेत आणू नयेत. त्यांतले १,९६३ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्यांच्या गोलांसाठी दिलेले पास, आहेत. सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नात त्यांना मोठे स्थान आहे, पण सर्वश्रेष्ठ गोल करणारा कोण, या प्रश्नात मुळीच नाही.

पॉवरप्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) आणि रिकाम्या जाळ्यातले (समोरच्या संघाने गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवलेला असतानाचे) गोल वजा करून ‘खरे’ गोल मोजण्याची सवयही मला मान्य नाही. ओव्हेच्किनचे या दोन्ही प्रकारांतले गोल विक्रमी आहेत, म्हणून ही वजाबाकी नेहमी त्याच्याच खात्यातून होते. ३० डिसेंबर १९८१ रोजी ग्रेट्स्कीने फिलाडेल्फिया फ्लायर्सविरुद्ध पाच गोल करून अवघ्या ३९व्या सामन्यात पन्नाशी गाठली. हा पराक्रम सगळे आदराने सांगतात, आणि तो आदर योग्यच आहे, पण तो पन्नासावा गोल रिकाम्या जाळ्यात गेला होता. शेवटच्या मिनिटाला आघाडी टिकवायची असताना प्रशिक्षक ज्याला बर्फावर ठेवतो, त्याच्यावर संघाचा विश्वास असतो. असे गोल तो विश्वास कमावल्याची खूण आहेत.

आता मुख्य मुद्दा. वेगवेगळ्या काळांतले गोल एका पातळीवर आणण्याची रूढ पद्धत सोपी आहे. त्या हंगामात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी किती गोल होत होते ते पाहायचे, सामन्याला ६ गोल हे प्रमाण धरायचे आणि खेळाडूचे गोल त्या प्रमाणात कमी-जास्त करायचे. हंगाम लहान असेल तर तो ८२ सामन्यांचा धरून वाढवायचे. १९८१-८२मध्ये ही सरासरी सुमारे ८ होती. म्हणून ग्रेट्स्कीच्या ९२ गोलांचे ६९ होतात, आणि ८० सामन्यांचे ८२ केले की सुमारे ७१. ओव्हेच्किनने २००७-०८मध्ये ६५ गोल केले तेव्हा सरासरी साडेपाचच्या आसपास होती. त्याचेही सुमारे ७१ होतात. गॉर्डी हाउने १९५२-५३च्या ७० सामन्यांच्या हंगामात ४९ गोल केले होते. त्या वर्षी सरासरी सुमारे ४.८ होती, म्हणजे त्याचे होतात सुमारे ७२. तीन काळ, तीन अगदी वेगळे आकडे, आणि उत्तर जवळजवळ एकच. हे गणित सुंदर आहे आणि चुकीचेही नाही. चूक होते ती त्याचा अर्थ लावताना.

हे गणित सांगते ते गोलाचे मोल. १९८१-८२मध्ये एक संघ सामन्यागणिक सरासरी चार गोल करत होता, म्हणजे एका गोलाने संघाच्या सरासरी कामगिरीचा चौथा हिस्सा भरून निघत असे. २००३-०४मध्ये एका संघाची सरासरी अडीचच्या किंचित वर होती, तेव्हा तोच एक गोल सामन्याचे पारडे कितीतरी जास्त फिरवत असे. म्हणून ‘हाउचे ४९, ग्रेट्स्कीचे ९२ आणि ओव्हेच्किनचे ६५ गोल आपापल्या संघांना जिंकून देण्याच्या कामी साधारण सारखेच मोलाचे होते’ हे विधान या गणितावर ठामपणे उभे राहते. मात्र ‘ग्रेट्स्कीने २००७-०८मध्ये ६५ गोल केले असते’ हे विधान त्यावर मुळीच उभे राहत नाही, कारण ते मोलाबद्दल नसून एका माणसाला एका काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवल्यावर काय घडेल याबद्दलचे भाकीत आहे. या भाकितासाठी लीगची सरासरी कमी झाली एवढे कळून भागत नाही. ती का कमी झाली आणि त्या कारणांचा फटका कोणत्या प्रकारच्या गोलांना बसला, हेही कळावे लागते.

सरासरीच्या प्रमाणात अव्वल खेळाडूंचे गोलही कमी-जास्त होतात, हे गृहीतक किती कच्चे आहे ते एका उदाहरणावरून दिसते. १९९२-९३च्या ८४ सामन्यांच्या हंगामात सरासरी सव्वासातच्या आसपास होती. त्या वर्षी चौदा खेळाडूंनी पन्नास किंवा त्याहून अधिक गोल केले आणि टेमू सेलान्ने व अलेक्झांडर मोगिल्नी हे दोघे ७६ गोलांसह बरोबरीने पहिले आले. २००३-०४पर्यंत सरासरी ५.१वर घसरली. गृहीतक खरे असते, तर त्या हंगामातला अव्वल आकडा ५२च्या जवळ असायला हवा होता. प्रत्यक्षात जरोम इगिन्ला, इल्या कोव्हालचुक आणि रिक नॅश असे तिघे ४१ गोलांवर बरोबरीने पहिले आले, आणि पन्नाशी तर कुणालाच गाठता आली नाही. म्हणजे सरासरी जेवढी घसरली त्यापेक्षा शिखर कितीतरी जास्त खचले. इतर हंगामांच्या जोड्या घेतल्या तर याउलटही घडलेले सापडेल. शिखर आणि सरासरी या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या नाहीत.

त्यामागची कारणे पाहिली की हे पटते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक गोलरक्षक उभ्याने खेळत असत, म्हणजे पायांवर उभे राहून पुढे येत आणि कोन कमी करत. १९८५-८६मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सकडून पॅट्रिक रॉयचा उदय झाला आणि त्यानंतर गुडघे बर्फावर टेकवून जाळ्याचा खालचा भाग बंद करणारी बटरफ्लाय पद्धत हळूहळू सगळीकडे रुजली. १९८९मध्ये पायांच्या पॅडची कमाल रुंदी १० इंचांवरून १२ इंच झाली. ती २००५मध्ये ११ इंचांवर आणली गेली. जाळे मात्र तेव्हाही ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच होते व आजही तेवढेच आहे. या बदलाचा सगळ्यात मोठा फटका कोणाला बसला असेल? ब्ल्यू लाइन (आक्रमणाच्या भागाची सीमारेषा) ओलांडून बाजूने वेगात येणाऱ्या आणि लांबून खाली, बर्फालगत स्लॅप शॉट (स्टिक मागे उचलून मारलेला जोरदार फटका) मारणाऱ्याला. आणि ग्रेट्स्कीच्या भरात असलेल्या वर्षांतले बरेच गोल नेमके याच जातीचे होते. म्हणजे सरासरीचे गणित दाखवते त्यापेक्षाही त्याचे गोल कमी झाले असते, असे म्हणण्याला जागा आहे. पण त्याचे दुसरे बलस्थान होते ते समोरच्याच्या आधी खेळ वाचण्याचे. ती कला पॅडच्या रुंदीने अडत नाही, आणि २००५-०६नंतर अडथळे आणण्यावर कडक बंधने आल्यावर तिला उलट अधिक मोकळीक मिळाली असती.

ओव्हेच्किनला मागे नेतानाही हाच पेच पडतो. डाव्या फेसऑफ वर्तुळातून येणारा त्याचा वन-टायमर (आलेला पास न थांबवता थेट मारलेला फटका) सगळ्यांना ठाऊक आहे. ८९५वा गोलसुद्धा पॉवरप्लेवर, टॉम विल्सनच्या पासवर, त्याच डाव्या बाजूने झाला. १९८१मधल्या उभ्याने खेळणाऱ्या गोलरक्षकासमोर तो फटका किती घातक ठरला असता, याची कल्पना सहज येते. पण त्या फटक्यापर्यंत पक (खेळातली रबरी चकती) पोहोचवणारी पॉवरप्लेची १-३-१ मांडणी (एक मागे, तिघे मधे, एक जाळ्यासमोर) तेव्हा रूढ नव्हती, आणि फटका हलक्या कंपोझिट स्टिकने नव्हे तर लाकडी स्टिकने मारावा लागला असता. यांतल्या कोणत्या गोष्टीचे पारडे जड ठरले असते, हे कोणतीही सरासरी सांगत नाही. म्हणून ‘त्या काळात त्याने किती केले असते’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो आकडा माझ्या आवडत्या खेळाडूच्या बाजूचा का असेना.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण ज्या काळात जो खेळला त्या काळातच ठेवून. आपल्याकडे गावसकर आणि तेंडुलकर यांची तुलना करताना समंजस माणूस गावसकरांना आजच्या बॅटने खेळवत नाही. त्यांच्या काळातल्या इतर सलामीवीरांपेक्षा ते किती पुढे होते, हे पाहतो. तेच इथे करावे. १९८१-८२मध्ये ग्रेट्स्कीचे ९२ गोल होते, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक बॉसीचे ६४. तिसरा डेनिस मारुक ६०वर होता. २००७-०८मध्ये ओव्हेच्किनचे ६५ आणि कोव्हालचुकचे ५२. १९५२-५३मध्ये हाउचे ४९ आणि त्याच्याच संघातल्या टेड लिंडसेचे ३२. मोलाच्या हिशेबाने जे तीन हंगाम जवळजवळ सारखे दिसत होते, ते समकालीनांच्या तुलनेत सारखे राहत नाहीत: हाउ दुसऱ्यापेक्षा दीडपटीने पुढे, ग्रेट्स्की त्याच्या किंचित खाली, तर ओव्हेच्किन सव्वापटीवर. ही दोन्ही मापे खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

समकालीनांच्या मापातही एक खाच आहे. दुसरा क्रमांक ज्याचा असेल त्याच्यावर ते फार अवलंबून राहते, आणि तेव्हा लीगमध्ये कोण होते यावरही. मॉरिस रिशारने १९४४-४५मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या हर्ब केनचे ३२ होते. पण त्या वर्षी अनेक खेळाडू महायुद्धामुळे सैन्यात होते आणि लीग सहाच संघांची होती. म्हणून एका हंगामावर न थांबता, खेळाडू किती वेळा लीगमध्ये पहिला आला हे पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. रिशार आणि हाउ प्रत्येकी पाच वेळा पहिले आले, ग्रेट्स्कीही पाच वेळा, फिल एस्पोझिटो सलग सहा वेळा, बॉबी हल सात वेळा आणि ओव्हेच्किन नऊ वेळा, त्यांतल्या एका हंगामात बरोबरीने. ही नवाची संख्या सहा किंवा एकवीस संघांच्या लीगमधली नसून तीस-एकतीस संघांच्या लीगमधली आहे, आणि त्याचे २००४-०५चे आख्खे पहिले वर्ष तर संघमालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीत गेले. १९९१च्या उन्हाळ्यापर्यंत ग्रेट्स्कीचे ७१८ गोल झाले होते आणि उरलेल्या आठ हंगामांत त्याने १७६ केले; ओव्हेच्किनने मात्र तिशी गाठल्यानंतरच ४००हून अधिक गोल केले. म्हणून कारकीर्दभराचा सर्वश्रेष्ठ गोल करणारा कोण, याला माझे उत्तर ओव्हेच्किन आहे, आणि ते देण्यासाठी मला त्याला १९८१मध्ये न्यावे लागत नाही.

एका हंगामापुरता प्रश्न विचारला, तर मात्र माझे उत्तर या दोघांपैकी कुणीच नाही. १९९०-९१मध्ये सेंट लुइस ब्ल्यूजच्या ब्रेट हलने (वर आलेल्या बॉबी हलचा मुलगा) ८६ गोल केले. सरासरी सुमारे ६.९ होती, म्हणजे मोलाच्या हिशेबाने त्याचे ७६च्या वर होतात, वर दिलेल्या तिन्ही हंगामांपेक्षा जास्त. दुसऱ्या क्रमांकावर कॅम नीली, थेओ फ्ल्युरी आणि स्टीव्ह आयझरमन असे तिघे ५१वर होते, म्हणजे हल जवळजवळ पावणेदोनपटीने पुढे. त्या वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे मारिओ लेम्यू फक्त २६ सामने खेळला, हे नोंदवलेच पाहिजे, कारण त्या २६ सामन्यांतही त्याने १९ गोल केले होते आणि तो पूर्ण हंगाम खेळता तर दुसरा क्रमांक ५१वर राहिला नसता. तरीही मोल आणि समकालीन या दोन्ही मापांवर वरच्या सर्व हंगामांच्या पुढे राहतो तो ब्रेट हलचा हा एकच हंगाम, आणि ग्रेट्स्की-ओव्हेच्किनच्या वादात त्याचे नाव क्वचितच कुणी घेते.