गोव्याचं तिकीट काढलंत. दाबोळीचं की मोपाचं?

"गोव्यात उतरलो" असा फोन आला की आता लगेच विचारावं लागतं, कुठे उतरलास? ५ जानेवारी २०२३ पासून या चिमुकल्या राज्यात दोन विमानतळांवर प्रवासी विमानं उतरतात. दोन्ही आंतरराष्ट्रीय, दोन्ही चिऱ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर बांधलेले आणि तिकिटाच्या पानावर दोन्हींपुढे ठळक अक्षरात 'गोवा'. फरक शेवटच्या एका अक्षराचा आहे. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. तेवढं एक अक्षर नजरेतून सुटलं की हॉटेल राहतं एका टोकाला आणि आपण दुसऱ्या.

दाबोळी जुना आणि मोपा नवा, एवढं सांगून बरेचजण मोकळे होतात. ते खरंच आहे, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे धावपट्टी कुणाच्या मालकीची? बाकीचे बरेच फरक तिथूनच निघतात.

दाबोळी पोर्तुगीजांनी बांधला, तोही अडचणीत सापडल्यामुळे. पन्नासच्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे तुटली, तेव्हा बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायला हवाई मार्ग हवा होता. १९५५ मध्ये तिथून 'टैप' या पोर्तुगीज भारताच्या हवाई सेवेची विमानं उडू लागली. कराची, दमण, दीव अशा त्यांच्या फेऱ्या. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरीही रात्रीच्या अंधारात, उखडलेल्या पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमानं उडाली आणि कराचीला निसटली.

मुक्तीनंतर हा तळ नौदलाकडे गेला आणि आजही तो 'आयएनएस हंसा' आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण तिथे टर्मिनल सांभाळतं, म्हणजे घर नौदलाचं आणि ओटी प्रवाशांना दिलेली. त्यामुळेच वर्षानुवर्षं कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिले आणि प्रवासी विमानांची गर्दी दुपारी-रात्री व्हायची. डिसेंबर २०१३ मध्ये मोठं नवं टर्मिनल झालं, पण टर्मिनल वाढवून आकाशातली वेळ वाढत नाही. हंसाच्या आवारात विमानवाहू नौकेच्या डेकसारखी चढती पट्टीसुद्धा आहे, वैमानिकांच्या सरावासाठी. १३ सप्टेंबर २०१९ ला नौदलाचं तेजस लढाऊ विमान, नौकेवर उतरावं तसं, तारेला हूक अडकवून थांबलं, ते इथेच.

मोपाची गोष्ट या अडचणीवरचा उतारा म्हणून सुरू झाली. उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला हा विमानतळ सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतून उभा राहिला आणि चालवते जीएमआर समूहाची कंपनी. इथे धावपट्टीवर नौदलाचा हक्क नाही, त्यामुळे सरावासाठी सकाळ सोडावी लागत नाही. पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. मधे पर्यावरण मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित झाली, जानेवारी २०२० मध्ये वाट मोकळी झाली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्‌घाटन झालं आणि मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. गंमत अशी, की पायाभरणीच्या वेळी पर्रीकर देशाचे संरक्षणमंत्री होते. म्हणजे दाबोळीचा घरमालक त्यांच्याच खात्यातला!

मोपा सुरू झाला की दाबोळी बंद होणार, ही भीती दक्षिण गोव्यात जुनी आहे. दाबोळी अजून सुरू आहे, पण काही विदेशी विमानं उत्तरेला सरकली हेही खरं. कतार एअरवेज २०२४ मध्ये मोपाला गेली.

आता प्रवाशाच्या कामाचं. दाबोळी मुरगाव तालुक्यात, वास्कोला खेटून. मडगाव, कोलवा, काणकोण, पाळोळे गाठायचं असेल तर डोळे झाकून दाबोळी. हरमल, मोरजी, मांद्रे, म्हापसा यांना मोपा जवळ. पणजी मधेच पडते, दाबोळीहून अंतर थोडं कमी, पण झुआरी ओलांडावी लागते. मोपाहून येताना आधी कोलवाळचा पूल, मग मांडवी. सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसाला तर मोपा गोव्यातला वाटतच नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की आलाच.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परतायचं ठरवलंत, तर मधला रस्ता साठ किलोमीटरच्या वर आहे, हे टॅक्सी ठरवण्याआधी लक्षात घ्या. कदंबच्या बसगाड्या मोपाहून पणजी-मडगावला जातात. आणि दाबोळीत फोन बाहेर काढून विमानांचे फोटो घ्यायचा मोह आवरा. तो लष्करी तळ आहे.