भिंत धरून पळणारा वारा

गेल्या एप्रिलमध्ये बेडरूममध्ये एसी बसवून घेतला आणि पहिल्याच रात्री माझी मान आखडली. एसी पलंगासमोरच्या भिंतीवर, माझ्या उशीपासून चांगला बारा फूट लांब. झडप आडवी, वाऱ्याचा रोख छताकडे. तरी मध्यरात्री गार हवेची धार नेमकी मानेवर. तक्रार केल्यावर मेकॅनिक आला आणि एसीला हातही न लावता छताकडे बघत उभा राहिला. आमच्या छताखालून एक बीम आडवा गेला आहे, नऊएक इंच खाली आलेला. "त्या बीमवरून पडतंय," तो म्हणाला. मला काही ते पटेना. मग त्याने देवघरातली उदबत्ती मागून घेतली, स्टुलावर चढला आणि पेटती उदबत्ती छताजवळ धरून हळूहळू सरकत गेला.

एसीच्या पुढे धूर छताला गोंदाने चिकटवल्यासारखा, सपाट पट्टा होऊन पळत होता. बीमपाशी पोचला, अडखळला आणि खाली कोसळला. बरोबर माझ्या उशीवर.

गार हवा जड असते, ती खाली बसते, हे आपण शाळेत शिकतो. मग बीम येईपर्यंतचे आठ-नऊ फूट ती छताला धरून कशी राहिली? छताला काही हात नसतात.

उत्तर शोधायला आधी छत विसरू या. हेअर ड्रायर चालू करा आणि त्याच्या झोतात नव्हे, झोताच्या बाजूला चार बोटं अंतरावर उदबत्ती धरा. धूर लांब ढकलला जाईल असं वाटतं, पण होतं उलट. तो झोताकडे वाकतो आणि आत ओढला जातो. प्रकाशाच्या लहरींवरच्या कामामुळे प्रसिद्ध असलेल्या थॉमस यंग यांनी 1800 साली हेच मेणबत्तीवर पाहून लिहून ठेवलं होतं. फुंकणीतून निघालेल्या हवेच्या बाजूला मेणबत्ती धरली तर ज्योत त्या हवेकडे झुकते. अडथळ्याजवळून जाणारा हवेचा प्रवाह वळतो तोही बहुधा अशाच दाबामुळे, असा त्यांचा कयास होता. तो बरोबर निघाला.

झोताच्या कडेला पळती हवा आणि थांबलेली हवा एकमेकींना घासतात, तिथे भोवरे उठतात. हे भोवरे बाहेरची शांत हवा गुंडाळून आत घेतात. रस्त्याने चाललेल्या बैलगाडीत वाटेवरची पोरं उड्या मारून बसत जावीत, तसं. पोरं वाढतात, गाडीचं वजन वाढतं, जोर तेवढाच, म्हणून वेग कमी होतो. पुढे गेल्यावर झोत रुंद आणि मंद होतो तो या कारणाने. त्याची ताकद घर्षणात फारशी जात नाही, फुकट्या प्रवाशांना ओढण्यात जाते.

आता छत परत आणा. झोताच्या खालून हवा पाहिजे तेवढी मिळते. वरून मात्र झोत आणि छत यांच्या मधल्या फटीत जी थोडी हवा आहे, तीच. ती झोत ओढून घेतो, जागा भरायला नवी हवा सहजी पोचत नाही, फटीतला दाब उतरतो आणि खालचा जास्त दाब झोताला वर ढकलून छताला टेकवतो. म्हणजे छत हवेला धरत नाही, खोलीतली बाकीची हवा तिला छतावर दाबून ठेवते. दाबाचा फरक किती? एसीचा झोत सेकंदाला 3 मीटर वेगाने निघाला असेल तर हा सगळा खेळ साधारण 5 पास्कलच्या आत चालतो. वातावरणाचा दाब असतो सुमारे 1 लाख पास्कल. इतक्या किरकोळ फरकावर गार हवा तरंगती राहते.

या परिणामाला कोआंडा परिणाम म्हणतात. हल्ली एसीच्या जाहिरातीतही हा शब्द दिसतो. आंरी कोआंडा हे रोमानियाचे अभियंते, जन्म 1886. त्यांनी 1910 मध्ये पॅरिसच्या विमानप्रदर्शनात पंख्याच्या झोताने ढकललं जाणारं एक विमान मांडलं होतं. ते विमान उडालं, इंजिनाच्या ज्वाळा दूर जायच्या ऐवजी विमानाच्या अंगाला चिकटल्या आणि तिथून ही कल्पना सुचली, असं ते नंतर सांगत. ते उड्डाण झालं यावर विमान-इतिहासकारांचा फारसा विश्वास नाही, माझाही नाही. पण 1930 च्या दशकात त्यांनी झोत वळवण्याच्या युक्तीची पेटंटं घेतली ती खरी, आणि वायुगतिकीचे शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान यांनी या परिणामाला त्यांचं नाव दिलं.

इथे एक खटकणारी गोष्ट सांगून टाकतो. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावली की पाणी वळतं, त्याला सर्रास कोआंडा परिणाम म्हटलं जातं. हवेत पडणाऱ्या पाण्याच्या धारेत पृष्ठताणाचा आणि पाणी धातूला चिकटण्याचा मोठा वाटा असतो. हवेच्या झोताला यातलं काहीच उपलब्ध नाही. त्याच्याकडे फक्त भोवरे आहेत.

झोत एकदा भिंतीला टेकला (छतही एक भिंतच) की तो वेगळाच प्राणी होतो. इंग्रजीत त्याला वॉल जेट म्हणतात, आपण भिंतझोत म्हणू. जर्मनीत फ्योर्टमान यांनी 1934 मध्ये त्याची मोजमापं प्रसिद्ध केली आणि 1956 मध्ये ग्लाउअर्ट यांनी त्याचं गणित मांडलं. भिंतझोतात दोन स्वभाव एकत्र नांदतात. भिंतीला लागून एक पातळ थर असतो. भिंतीवर वेग शून्य, आणि तिथून वर जाताना तो झपाट्याने वाढतो. हे वागणं नळीतल्या किंवा विमानाच्या पंखावरच्या प्रवाहासारखं. त्या थराच्या बाहेर मोकळ्या झोतासारखं वागणं, वेग कमी कमी होत शांत हवेत विरतो. सर्वांत जोराचा वारा मधे कुठेतरी नसतो, भिंतीच्या अगदी जवळ असतो. भिंतीपासून निघून वेग निम्म्यावर येईपर्यंतचं अंतर ही झोताची जाडी धरली, तर कमाल वेग त्या जाडीच्या साधारण सहाव्या भागावर सापडतो.

भिंत म्हणजे घर्षण, म्हणून भिंतीला घासत जाणारा झोत लवकर दमायला हवा. पण तो जास्त लांब जातो. बैलगाडी भिंतीला लावून हाकली की पोरांना एकाच बाजूने चढता येतं! मोकळा पट्टीसारखा झोत मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला दर मीटरमागे साधारण 10 ते 11 सेंटीमीटर फुगतो. भिंतझोत फुगतो सुमारे 7 सेंटीमीटर. एक बाजू बंद आहे एवढ्यानेच हे घडत नाही. नुसती बाजू बंद असती तर उघड्या बाजूला फुगण्याचा वेग तोच राहिला असता. पण भिंत भोवऱ्यांची तिच्याकडे येण्या-जाण्याची हालचालच दाबून टाकते, म्हणून उघड्या बाजूचे भोवरेही कमी हवा गोळा करतात. घर्षणात गाडी थोडं गमावते, पोरं कमी चढल्याने त्याहून बरंच वाचवते. खोलीतल्या वायुवीजनाचे हिशेब करणारे इंजिनिअर छताला चिकटलेल्या झोताची फेक मोकळ्या झोताच्या साधारण 1.4 पट धरतात, ती या बचतीतून.

दोन स्वभावांचा हा संसार संशोधकांना मात्र छळतो. वेग कमाल असतो त्या जागी हवेच्या शेजारशेजारच्या थरांचं एकमेकांना ओढणं शून्य व्हावं, असं साधी सूत्रं सांगतात. प्रत्यक्ष मोजलं तर ओढणं शून्य होण्याची जागा भिंतीच्या आणखी जवळ निघते. बाहेरचे मोठे भोवरे आतल्या थराच्या घरात घुसून आपला कारभार चालवतात, म्हणून. संगणकावर प्रवाह सोडवणाऱ्या साध्या सूत्रांची इथे फजिती होते, आणि नवं सूत्र तपासायला भिंतझोत ही एक नेहमीची परीक्षा झाली आहे.

झोत पट्टीसारखा नसून गोल नळीतून आला तर तो आणखी विचित्र वागतो. हेअर ड्रायर टेबलावर आडवा ठेवून सोडलेला झोत वर जितका फुगतो त्याच्या पाचपट बाजूंना पसरतो. थापलेल्या भाकरीसारखा सपाट होत जातो. भोवऱ्यांच्या ओढाताणीतून झोताच्या दोन्ही कडांना प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब पीळ तयार होतात, ते हवा बाजूंना फेकत राहतात.

आपल्याकडे या विषयाची परंपरा चांगली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये जगभरची मोजमापं एकत्र करून दाखवलं, की पुरेसं पुढे गेल्यावर भिंतझोत ज्या तोंडातून, म्हणजे फटीतून, निघाला तिची उंची आणि सुरुवातीचा वेग वेगवेगळे लक्षात ठेवत नाही. दोन्हींतून मिळून येणारा जोर, म्हणजे संवेग, तेवढाच त्याच्या आठवणीत राहतो. अलीकडे, 2020 मध्ये, पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या गटाने भिंतझोतातल्या वेगाच्या मोजपट्टीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

हवामानाच्या संस्थेला याचं काय पडलंय, असं वाटेल. वळवाचा पाऊस आठवा. दुपारभर तापलेलं, चिडीचूप. मग क्षितिजावर काळं, आणि पहिला थेंब पडायच्या आधी एकदम गार वाऱ्याचा लोट येतो. दोरीवरचे कपडे उडतात, पत्रे वाजतात, रस्त्यावरची माती भिंतीसारखी चालून येते. तो वारा ढगातून पडलेला असतो. पाऊस वाटेत वाफ होताना हवेला गार करतो, जड झालेली हवा कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना जमीन धरून पळते. हा भिंतझोतच आहे. भिंत म्हणजे शिवार, आणि झोताची फट म्हणजे किलोमीटरभर रुंद ढगाची झड. गॅसच्या ज्वाळा पातेल्याच्या बुडावर आपटून कडेपर्यंत पसरतात, त्याचंच हे उलटं आणि प्रचंड रूप.

यातही जोराचा वारा जमिनीजवळ असतो, पुष्कळदा शंभरएक मीटरच्या आत. विमान उतरताना किंवा चढताना असतं नेमकं त्याच उंचीवर. 24 जून 1975 ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारं ईस्टर्न एअरलाइन्सचं 66 क्रमांकाचं विमान अशाच वादळात कोसळलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. वादळांचे अभ्यासक तेत्सुया फुजिता यांनी त्याचा माग काढला आणि कोसळणाऱ्या हवेच्या या लोटाला डाउनबर्स्ट हे नाव दिलं. अशा लोटातून जाणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, ते वर उचललं जातं, वैमानिकाला वाटतं सगळं ठीक आहे. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येऊ लागतो आणि पंखांखालचा आधार निघून जातो. म्हणून आता मोठ्या विमानतळांवर खालच्या वाऱ्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते.

हाच चिकटपणा विमानांच्या उपयोगीही पडतो. सोव्हिएत अंतोनोव्ह-72 या विमानाची इंजिनं पंखाच्या वर बसवलेली आहेत. झोत पंखाची आणि त्याच्या मागच्या कडेला खाली वळवलेल्या पडद्याची (फ्लॅपची) पाठ धरून खाली वळतो आणि विमानाला उचलायला मदत करतो, त्यामुळे आखूड धावपट्टी पुरते. जेट इंजिनाच्या आत टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू धातूच्या वितळबिंदूहूनही तापलेला असू शकतो. पात्यांच्या बारीक भोकांतून सोडलेली त्यामानाने गार हवा पात्याच्या अंगाला धरून पांघरुणासारखी पसरते, म्हणून पातं टिकतं. तीच हवा जास्त जोराने सोडली तर ती अंग सोडून उडते आणि पातं उघडं पडतं.

आमच्या बीमपाशीही अंग सुटतं, पण दुसऱ्या कारणाने. काटकोनातली कड आली की झोताला इतक्या पटकन वळता येत नाही. तो बीमवर आदळतो, खाली वळतो, त्याच्या वरच्या बाजूला आता छत जवळ नसल्याने दाबाचा आधार संपतो आणि तोपर्यंत वेगही निम्म्यावर आलेला असतो. मग गार हवेचं वजन जिंकतं. गोलाकार कड असती तर तो बराच वेळ वळत राहिला असता. प्रयोगशाळेत गुळगुळीत नळकांड्याभोवती असा झोत अर्ध्याहून जास्त फेरी मारून मगच सुटतो.

हे सगळं मी मेकॅनिकला सांगायला गेलो. त्याने ऐकून घेतलं, उदबत्ती विझवली आणि म्हणाला, "बीम गोल करता येणार नाही साहेब. पलंग अलीकडे घ्या." घेतला. ती धार आता कपाटावर पडते.